औषधाआधी सॉल्व्हंट तपास

रेटिनावर औषध सोडलं आणि ईआरजीची (प्रकाशाला रेटिना जो विद्युत प्रतिसाद देतो त्याच्या नोंदीची) बी-वेव्ह खाली आली, की लगेच औषधाला श्रेय देऊ नकोस. औषध मायक्रोमोलरमध्ये असतं, पण ते विरघळवायला वापरलेलं सॉल्व्हंट, समजा १ टक्का डीएमएसओ, म्हणजे जवळजवळ १४० मिलिमोलर! इथेनॉल ०.१ टक्का धरलं तरी १७ मिलिमोलर होतं, आणि ते चेतापेशींवरच्या गाबा-ए, एनएमडीए दोन्ही रिसेप्टरांना छेडू शकतं. म्हणून औषधाचा स्टॉक (सॉल्व्हंटमधलं मूळ द्रावण) हजारपट तीव्र कर, म्हणजे सॉल्व्हंट कमी जाईल. कंट्रोलला नुसतं रिंगर (रेटिना ज्यात ठेवतात ते क्षारांचं द्रावण) चालणार नाही. तेवढंच सॉल्व्हंट घातलेलं रिंगर हवं, त्याच रेटिनावर, औषधाच्या आधी. डोस वाढवलास तरी सॉल्व्हंटचं प्रमाण तेच ठेव, नाहीतर परिणाम कशाचा ते कळायचंच नाही. ए-वेव्ह (प्रकाश टिपणाऱ्या पेशींची लाट) जागेवर राहून फक्त बी-वेव्ह पडली, तर त्यांच्या पुढच्या बायपोलर पेशींकडे बघ. आणि हो, डीएमएसओ १८.५ अंशांखाली गोठतं. एसीच्या खोलीत बाटली घट्ट दिसली तर फेकू नकोस, कोमट पाण्यात ठेव.