डिस्ट्रॉय, डिमॉलिश की डेव्हस्टेट?

शब्दकोशात डिस्ट्रॉय, डिमॉलिश, रुइन, डेव्हस्टेट या सगळ्यांपुढे ‘नष्ट करणे’ एवढंच असतं, मग परीक्षेत कुठे काय लिहायचं, असं तुम्ही विचारलंय. नुकसान लहान की मोठं, एवढ्यावरून शब्द ठरवायला गेलात तर गोंधळ वाढेल. त्यापेक्षा काय मोडलं, कुणी ठरवून मोडलं का आणि मागे काय उरलं, हे बघा. तुम्ही पुण्यातच आहात, तर इथलीच उदाहरणं घेऊ.

चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटकं लावून पाडला. तो डिमॉलिश केला. बांधकाम आहे आणि ते ठरवून पाडलंय, मग हाच शब्द. ‘द ब्रिज वॉज डिस्ट्रॉइड’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, पूर आला असावा नाहीतर हल्ला झाला असावा. उलट १८२८ मध्ये शनिवारवाड्याला आग लागली आणि आतले महाल जळून गेले. तिथे डिस्ट्रॉय, कारण आग काही ठरवून पाडापाडी करत नाही. वादात समोरच्याचा मुद्दा पार खोडून काढला तरी तो डिमॉलिश केला म्हणतात, हे लक्षात असू द्या.

डॅमेज आणि डिस्ट्रॉय यांत मात्र खूप जण घसरतात. डॅमेज झालेली वस्तू दुरुस्त होऊ शकते. डिस्ट्रॉय झाली म्हणजे संपली. म्हणून ‘कम्प्लीटली डॅमेज्ड’ खटकतं. तिथे सरळ डिस्ट्रॉइड लिहा. आणि नुकसान कितीही असलं तरी नाम म्हणून डॅमेज एकवचनीच. त्याला एस लावून डॅमेजेस केलंत की अर्थ होतो कोर्टाने द्यायला लावलेली नुकसानभरपाई. अर्जात किंवा विम्याच्या पत्रात हा फरक फार महत्त्वाचा आहे.

डेव्हस्टेट हा शब्द मुलखाचा आणि मनाचा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. ‘द फ्लड डेव्हस्टेटेड पुणे’ हे वाक्य अगदी नेमकं आहे. घरं डिस्ट्रॉय झाली, पण पुणे डिस्ट्रॉय झालं नाही. शहर उद्ध्वस्त झालं आणि पुन्हा उभं राहिलं. त्या पुरात ज्यांची माणसं गेली, त्यांच्याबद्दलही ‘दे वेअर डेव्हस्टेटेड’ म्हणता येतं. दुःखाने कोसळलेल्या माणसाला डिमॉलिश्ड कधीच म्हणू नका.

गाव जमीनदोस्त केलं असेल तर रेझ. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळून गाढवांचा नांगर फिरवला, असं आपल्याकडे सांगतात. त्यासाठी ‘रेझ्ड टू द ग्राउंड’ इतका चपखल प्रयोग दुसरा नाही. स्पेलिंगमध्ये झेड आहे, हे विसरू नका. आर-ए-आय-एस-ई लिहिलंत तर उच्चार तोच राहतो आणि अर्थ उलटतो, म्हणजे उभारणे.

डेसिमेट जपून वापरा. रोमन सैन्यात बंड करणाऱ्या तुकडीतल्या दर दहांपैकी एकाला ठार मारत, त्यावरून तो आला. आज ‘फार मोठा हिस्सा मारला गेला’ या अर्थाने तो सर्रास चालतो आणि तो चूक आहे असं मला वाटत नाही. पण तो मोजता येणाऱ्या समूहासाठी ठेवा: सैन्य, वस्ती, वाघ. एकट्या इमारतीला डेसिमेट लावू नका.

रोगासाठी इरॅडिकेट. जगातून देवीचा रोग हटल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं, ते इरॅडिकेशन. पोलिओ भारतातून गेला, जगातून अजून नाही, म्हणून आपल्यापुरतं ते एलिमिनेशन.

रुइन रोजच्या बोलण्यातला आहे. पावसाने सहल रुइन होते, अफवेने अब्रू, डागाने साडी. वस्तू शिल्लक असते, तिची किंमत किंवा मजा गेलेली असते. गाडीचा किंवा जहाजाचा चुराडा झाला तर रेक. त्याच्याच जवळपास लिहिला जाणारा, पण वेगळा शब्द आहे हॅव्हॉकबरोबर येणारा ‘रीक’; ‘रीक हॅव्हॉक’ म्हणजे धुमाकूळ घालणे. पेपरात ‘रेक हॅव्हॉक’ही छापलेलं दिसतं, पण परीक्षेत तुम्ही डब्ल्यू-आर-ई-ए-के असंच लिहा.