तलंगा खोक्यात अंडी घालत नाहीत, कुठेही घालतात. काय करावं?

कापू नका. तुम्ही लिहिलंय की तीन खोकी ठेवूनही तुमच्या बारा तलंगांची, म्हणजे नुकत्या अंड्यावर आलेल्या तरुण कोंबड्यांची, अंडी गोठ्यात, लाकडांच्या मागे, कर्दळीच्या बुडाशी सापडतात, आणि शेजारचे काका म्हणतात की बाहेर घालायची सवय लागलेली कोंबडी सुधारत नाही, ती कापूनच टाकावी. नुसता खोक्यांचा प्रश्न असता तर कुणीही उत्तर दिलं असतं. मी लिहायला बसले ती काकांच्या त्या वाक्यामुळे. आमच्या घरात त्यावरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

आम्ही संगमेश्वर तालुक्यातले. सासूबाईंच्या हयातीत पडवीच्या कोपऱ्यात बांबूच्या पाट्या असायच्या, खाली तूस, वर पेंढा, आणि गावठी कोंबड्या तिथेच बसायच्या. पुढे आम्ही वनराजची पिल्लं आणली. ही जात हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत परसातल्या पालनासाठी तयार केलेली, गावठीपेक्षा अंगाने मोठी, अंडीही जास्त देणारी. माझ्या धाकट्या दिरांनी त्यांच्यासाठी नवं खुराडं बांधलं. भाऊजींच्या हाताला कसब आहे. आंब्याच्या रिकाम्या पेट्यांची खोकी केली, रंग दिला, ओळीत ठोकली. पण कुठे? माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, दारासमोर, भर उजेडात. तळाला गुळगुळीत प्लाय आणि त्यावर मूठभर गवत. बसायची काठी खोक्यांच्याही खाली.

रात्री कोंबडीला खुराड्यातली सगळ्यात उंच जागा लागते. ती जागा खोक्यांची होती, म्हणून सगळ्या तलंगा खोक्यातच झोपायच्या आणि रात्रभर तिथेच शिटायच्या. सकाळी त्या घाणीत अंडं घालायला कोण जाणार? पावसाळ्याच्या तोंडावर तुरे लाल झाले, जवळ गेलं की पंख किंचित पसरून खाली बसायला लागल्या, आणि अंडी मिळायला लागली ती लाकडांच्या खोपीत, पेंढ्याच्या उडवीखाली, एकदा तर जुन्या टायरमध्ये.

त्यातली एक तांबडी होती, डाव्या पंखात पांढरं पीस असलेली. एके सकाळी मी कामं टाकून तिच्याकडे बघत राहिले. ती आधी खोक्यांकडेच गेली. खालून मान वर करून बघितलं, उडी मारून कडेवर बसली, डोकं आत घातलं, काढलं, दुसऱ्या खोक्यात घातलं. आत एक फेरी मारली, पायाने तळ उकरला, नख प्लायवर घसरलं. मग उतरली. सारखी बारीक कुरकुर चालू. तशीच अंगणभर फिरून खोपीत शिरली, फाट्यांच्या मागे अंधारात अंग गोल फिरवून खळगा केला आणि चोचीने काटक्या-गवत उचलून स्वतःच्या पाठीवर टाकत बसली. अर्ध्या तासाने गडद तपकिरी अंडं घालून ओरडत बाहेर आली.

आता सांगा, यात हट्ट कुठे आहे? तिला जे हवं होतं ते लाकडांमागे होतं आणि खोक्यात नव्हतं. मी भाऊजींना हे सांगितलं, खोकी खाली घ्या म्हटलं. ते म्हणाले, "वहिनी, कोंबडीच्या मर्जीने घर बांधायचं का? चार कापल्या की बाकीच्या शिकतील." एकीला कापलेलं पाहून दुसरी खोक्यात बसायला कशी शिकेल, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

गटारीला मी देवरुखला बाजाराला गेले होते. परत आले तेव्हा तांबडी परातीत होती. साफ करायचं काम माझ्याकडेच आलं. पोट उघडलं तर आत बलकांची रांग, लिंबाएवढ्या पिवळ्याधमक गोळ्यापासून लहान होत होत मोहरीच्या दाण्यापर्यंत, आणि पुढे नळीत कवच धरलेलं एक पूर्ण अंडं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाहेर आलं असतं. मी ती परात भाऊजींसमोर नेऊन ठेवली. ते काही बोलले नाहीत, पण अजूनही पाहुण्यांना सांगतात की ती कोंबडी वाया गेलेली होती. वाया गेलेल्या कोंबडीच्या पोटात एवढं असतं का?

सासूबाईंचं म्हणणं एकच असायचं, "ती बसते तिथं पाटी ने, पाटीकडं तिला ओढू नको." मी तेच केलं. जुन्या पाट्या काढल्या, एक थेट लाकडांच्या खोपीत ठेवली, एक उडवीजवळ. चार बोटं तूस, वर हाताने चुरून मऊ केलेला कोरडा पेंढा. प्रत्येकीत एक गुळगुळीत पांढरा गोटा. खरं अंडं ठेवायचं तर कोळशाने खूण करा आणि बदलत राहा, नाहीतर कुजतं. तलंगांनी पाट्या घेतल्या. मग रोज संध्याकाळी पाटी थोडी थोडी खुराड्याकडे सरकवत नेली आणि शेवटी आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. भाऊजींची खोकी मीच उपटून गुडघ्याच्या खाली ठोकली, समोर गोणपाटाचा अर्धा पडदा सोडला आणि बसायची काठी त्यांच्यापेक्षा चांगली वर नेली. श्रावण सरायच्या आत बहुतेक सगळ्या आत घालायला लागल्या. भाऊजी म्हणतात, वय वाढलं म्हणून सुधारल्या. मग तांबडीलाही वाढू द्यायचं होतं ना वय!

तुमच्यासाठी एवढं करा. खोकं साधारण एक फूट लांब, रुंद, उंच पुरे, पुढे चार बोटांची पट्टी, म्हणजे पेंढा आणि अंडं घरंगळणार नाही. चार-पाच कोंबड्यांना एक खोकं चालतं, तेव्हा बाराला तीन बरोबर आहेत. आणखी आणू नका, आहेत त्यांची जागा बदला. दिवस मावळताना जाऊन बघा, कोणी खोक्यात झोपायला बसली असेल तर उचलून काठीवर ठेवा. आठवडा-दीड आठवडा खुराडं सकाळी दहा-साडेदहापर्यंत उघडू नका, आत पाणी आणि खाद्य ठेवा. बहुतेक अंडी तेवढ्यात येतात. सगळी येणार नाहीत, कारण एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, त्यामुळे घालायची वेळ रोज पुढे सरकते आणि एखाद्या दिवशी खाडा पडतो. एखादं अंडं दुपारी बाहेर सापडलं म्हणून उपाय सोडू नका. बाहेरच्या आवडत्या जागा दगड, झावळ्या घालून बंद करा, पण आतली सोय झाल्यावरच. आधी बंद केल्या तर त्या आणखी लांब जातील आणि अंडी मुंगसाच्या पोटात जातील.

पेंढा ओला झाला की त्याच दिवशी बदला, कोकणात तर जास्तच. लाकडाच्या फटी बघा. तिथे दिवसा लपून रात्री रक्त पिणारे बारीक लाल किडे असतील तर कितीही छान खोकं असू दे, कोंबडी आत टिकत नाही.

आणखी एक, जे आधी लिहायला हवं होतं. काठीखाली पातळ सालीचं किंवा बिनसालीचं अंडं सापडत असेल तर त्याला खोकं जबाबदार नाही. अंडी सुरू झाली असतील तर लेअरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, खाद्य किंवा शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात द्या, पण अंड्यावर न आलेल्या लहान पिल्लांना ते लेअरचं खाद्य घालू नका, एवढं चुनखडं त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. गावठी कोंबडी लपून घालत असेल आणि पाच-सहा दिवस दिसलीच नाही तर ती खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायला, कुठेतरी बसली असेल, तिचा प्रकार वेगळा. आणि हो, सगळं करूनही एखादी आत येत नाही. आमच्याकडेही एक होती, ती शेवटपर्यंत उडवीखालीच घालायची. आम्ही तिथे पाटी कायमची ठेवली आणि रोज जाऊन अंडं आणलं. काकांना एवढं नक्की सांगा.

कर्दळीखाली सापडलेली अंडी किती दिवसांची आहेत ते माहीत नसेल तर पाण्यात सोडा. तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, ते वेगळ्या वाटीत फोडून बघूनच वापरा. तरंगलं तर फेकून द्या. आणि पालापाचोळ्यात हात घालण्याआधी काठी फिरवा, अंड्यांच्या वासावर साप येतात.