जिनिंगच्या मेंटेनन्सला नवा आहेस? ट्रॅक रोलरचं आधी एवढं बघ

भाऊ, ट्रॅक रोलर म्हणजे रुळावर किंवा कॅमवर (फिरणाऱ्या उंचवट्याच्या चाकावर) थेट धावणारं बेअरिंग. त्या जागी साधं बेअरिंग ठोकू नको. स्वस्त पडतं म्हणून पुष्कळ जण हेच करतात. साध्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगला हाउसिंगचा (ते ज्यात बसतं त्या घराचा) आधार लागतो. उघडी चालवली की ती दबते, मग तडकते. ट्रॅक रोलरची रिंग त्यासाठीच जाड असते.

सध्या दोनच प्रकार ओळख:

- स्टडवाला: याला आट्यांचा दांडा असतो, एका बाजूने नटाने कसायचा. याचा नंबर केआर ३५ असेल तर बाहेरचा व्यास ३५ मिमी.
- योकवाला: पिनवर बसतो, पिनला दोन्हीकडून आधार. लोड जास्त असेल तर हाच.

रूळ किंचित तिरपा असेल तर फुगीर रिंगचा घे. सपाट रोलर कडेवरच झिजतो. आणि सीलवालाच माग, बाप्पा! सरकीच्या हंगामात कापसाची धूळ ग्रीसमध्ये शिरली की पार लगदा होतो. खाचेवाले रोलर नंतर बघू.