अमीबाच्या शोधात करिअर आहे का?

आपली मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माती व पाण्यातील रोगकारक अमीबा शोधण्याचा प्रकल्प तिला पदव्युत्तर अभ्यासक्रमात करायचा आहे. हे काम जिवावर बेतणारे तर नाही ना, आणि विषय फार अरुंद नाही ना, असे आपण विचारले आहे.

आधी धोक्याविषयी. मेंदूला ग्रासणारा नेग्लेरिया फौलेरी हा अमीबा नाकावाटे शिरतो, पाणी पिण्यातून नव्हे. त्यामुळे तुषार उडू न देता, बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये (हवा गाळून काम करणाऱ्याला जंतूंपासून वाचवणाऱ्या बंदिस्त कप्प्यात) काम करण्याची शिस्त असलेल्या प्रयोगशाळेत आपली काळजी बरीच कमी व्हावी.

या कामाचा खरा कस ओळख पटवण्यात लागतो. पाणी गाळून ती गाळणी पोषकद्रव्ये नसलेल्या अगारवर (प्लेटमध्ये गोठवलेल्या जेलीवर), मृत ई. कोलाय जिवाणूंच्या थरावर ठेवतात. काही दिवसांत अमीबा ते जिवाणू फस्त करत पुढे सरकतात आणि मागे स्वच्छ पट्टा उरतो. प्लेट ४२ ते ४५ अंश सेल्सिअसला ठेवली तर उष्णता सोसणारे नेग्लेरिया वाढतात, मात्र त्यांत निरुपद्रवी भाईबंदही असतात, म्हणून अखेरचा निर्णय पीसीआरवर (डीएनएच्या प्रती वाढवून जीव ओळखणाऱ्या चाचणीवर) सोपवावा लागतो. पीसीआरही बिनचूक नाही: मातीतील ह्युमिक आम्ल ती अभिक्रिया रोखते आणि अमीबा असूनही नमुना निर्दोष भासतो. बालामुथिया हा दुसरा रोगकारक अमीबा तर जिवाणूंवर वाढतच नाही, त्यामुळे काहीच न वाढलेल्या प्लेटवर विसंबून माती सुरक्षित ठरवणे हा नवख्यांचा हमखास होणारा घोटाळा.

केवळ अमीबासाठीच्या जागा थोड्याच असतात, हे मी लपवणार नाही. तथापि याच कौशल्यांवर पाणी-तपासणी प्रयोगशाळा, सार्वजनिक आरोग्य विभाग आणि रुग्णालयांतील निदान विभाग चालतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांच्या बुबुळाला अकँथअमीबाचा संसर्ग झाल्याची शंका आली, तर तिथला खरवडही अशाच प्लेटवर घालतात. म्हणून बायोडेटामध्ये अमीबाच्या नावापेक्षा नमुना गाळणे, संवर्धन, सूक्ष्मदर्शकाखालची ओळख आणि पीसीआर यांचा उल्लेख ठळक असावा.

प्रवेश घेण्यापूर्वी तिने मार्गदर्शकांना दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: तुलनेसाठी ओळख पटलेले अमीबा प्रयोगशाळेत जोपासलेले आहेत का, आणि नमुना गोळा करण्यापासून पीसीआरपर्यंतचे सगळे टप्पे तिला स्वतःच्या हाताने करायला मिळतील, की पुढची चाचणी बाहेर पाठवली जाईल?