अरगॉन आधी की पोटॅशिअम?

प्रश्न : बाई, नमस्कार. कराडला माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. शाळा सुरू होताना आवर्तसारणीचे पंचवीस तक्ते मागवले. मुलगी दहावीत आहे. गल्ल्यावर बसल्या बसल्या तिने चूक काढली. 18 नंबरच्या अरगॉनखाली अणुवस्तुमान 39.95 छापलंय आणि 19 नंबरच्या पोटॅशिअमखाली 39.10. जड आधी, हलकं नंतर! छापणाऱ्याला फोन केला, तर ‘बरोबरच आहे’ एवढंच म्हणतो. माल परत पाठवू का?

उत्तर : पाठवू नका. तक्ता बरोबर आहे, आणि लेकीची नजर त्याहून बरोबर आहे. एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण हा प्रश्न आपणहून विचारणारी मुलं मला फार तर चार-पाच भेटली. आणि एक पेंटर.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर सारणी रंगवायला मी त्याला हाताने लिहिलेला कागद दिला होता. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “बाई, एका ठिकाणी तुमचं उलटं झालेलं, मी सुलट करून टाकलं.” पाहते तर पोटॅशिअम निऑनच्या खाली आणि अरगॉन सोडिअमच्या खाली! नंतर दुरुस्ती केली, तरी तिरप्या उजेडात रंगाखालून पोटॅशिअमचा जुना K डोकावायचाच.

त्या भिंतीसमोरच्या कपाटात रॉकेलमध्ये बुडवलेल्या सोडिअमच्या तुकड्यांची बाटली असे. सोडिअमचा कण पाण्यात टाकला की सुसू करत पळतो, पोटॅशिअमचा तर जांभळट ज्वाळेने पेटतोच. आणि अरगॉन? तुमच्याकडच्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे स्टीलच्या रेलिंगला ‘आर्गन वेल्डिंग’ चाललेलं असेल तर जाऊन बघा. तापलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून हा वायू सोडतात, कारण तो कशाशीच नातं जोडत नाही. त्याला सोडिअमच्या घरात कसा बसवणार?

घर ठरतं ते केंद्रकातल्या प्रोटॉनच्या संख्येवर. तोच अणुअंक. जितके प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन, आणि मूलद्रव्याचा स्वभाव सगळा बाहेरच्या इलेक्ट्रॉनांत. अरगॉनचे अठरा 2, 8, 8 असे बसतात, बाहेरची पंगत भरलेली. पोटॅशिअमचा एकोणिसावा नव्या कवचात एकटा पडतो, 2, 8, 8, 1, आणि पहिली संधी मिळताच निघून जातो. सोडिअमचंही तसंच, 2, 8, 1. म्हणून दोघं एका गणात, एकाखाली एक.

वस्तुमानाचा या स्वभावाशी जवळजवळ संबंध नाही. त्यात केंद्रकातले प्रभार नसलेले कण, न्यूट्रॉनही मोजले जातात, आणि एकाच मूलद्रव्याच्या सगळ्या अणूंत ते सारखे नसतात. तक्त्यावर छापतात ती सरासरी.

1869 साली रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने सारणी मांडली तेव्हा प्रोटॉन कुणालाच ठाऊक नव्हता. त्याच्या हाती होती ती वस्तुमानं आणि गुणधर्म. टेलुरिअम आणि आयोडीनची हीच अडचण आली, तेव्हा त्याने गुणधर्म पाहून टेलुरिअम आधी ठेवलं आणि त्याचं वस्तुमानच चुकीचं मोजलंय असं ठणकावून सांगितलं. घर बरोबर, कारण चूक. 1894 मध्ये अरगॉन सापडला, तेव्हा तर हे मूलद्रव्य नसून तीन अणूंचा नायट्रोजन असावा, अशी शंका त्याने काढली. मोठी माणसंही अडून बसतात!

गाठ सोडवली इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझलीने, 1913-14 मध्ये. निर्वात नळीत छोट्या गाड्यांवर धातूंचे तुकडे ठेवायचे, रेशमी दोरीने एकेक तुकडा पुढे ओढायचा आणि त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजायची. वारंवारतेचं वर्गमूळ मूलद्रव्यागणिक सारख्या पायरीने वाढताना दिसलं. पायरी वस्तुमानाची नव्हे, केंद्रकावरच्या प्रभाराची. क्लोरीन सतराव्या पायरीवर, पोटॅशिअम एकोणिसाव्या, मध्ये नेमकी एक जागा रिकामी. अरगॉन त्याने मोजला नव्हता, पण ती जागा दुसऱ्या कुणाची असणार? 1915 च्या ऑगस्टमध्ये, पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या लढाईत मोझली मारला गेला, अवघ्या 27 व्या वर्षी. हे सांगताना वर्गात दरवर्षी माझा आवाज बसायचा.

पण लेकीचा खरा प्रश्न अजून उरलाय : प्रोटॉन कमी असून अरगॉन जड झालाच कसा? याचं उत्तर मला सगळ्यांत आवडतं, कारण त्यात हात शेजाऱ्याचाच आहे. पोटॅशिअमच्या दर दहा हजार अणूंत साधारण एक अणू 40 वस्तुमानांकाचा (म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून 40), किरणोत्सारी असतो. असे अणू फुटतात तेव्हा बहुतेकांचं कॅल्शिअम होतं, पण शंभरातल्या सुमारे अकरांमध्ये केंद्रक आपलाच एक इलेक्ट्रॉन गिळतं आणि एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो. एकोणिसाचे अठरा झाले, वस्तुमान चाळीसच राहिलं. पोटॅशिअम एक घर मागे सरकून अरगॉन झालं! अर्धे अणू फुटायला 125 कोटी वर्षं लागतात, पण पृथ्वीला कुठे घाई होती? आज हवेतल्या अरगॉनचे शंभरातले 99 हून अधिक अणू या 40 वाल्यांचेच. सूर्यावरचा अरगॉन मुख्यतः 36 चा आहे. तसाच आपल्या हवेत असता तर तक्त्यावर 36 च्या आसपासचा आकडा दिसला असता आणि लेकीला शंका आलीच नसती. उलट पोटॅशिअमच्या शंभरातल्या 93 अणूंचा वस्तुमानांक 39 आहे, म्हणून त्याची सरासरी खाली राहते.

याचं घड्याळही होतं. लाव्हा वितळलेला असताना त्यातला अरगॉन निसटून जातो. खडक थिजला की त्यातल्या पोटॅशिअमपासून होणारा नवा अरगॉन आत साठू लागतो. तुमच्या कराडजवळच्या सदाशिवगडाचा काळा कातळ ज्या दख्खनच्या लाव्ह्याचा, त्याचं सुमारे साडेसहा कोटी वर्षांचं वय ठरवताना याच हिशोबाचा उपयोग झाला.

तक्ते विका. आणि लेकीला म्हणावं, 27-28, 52-53 आणि 90-91 या जोड्याही बघ.

प्रश्न : पोटॅशिअमची संज्ञा P नसून K का? (एक आजोबा, सासवड)

उत्तर : P फॉस्फरसने आधीच घेतलाय. K आला ‘कॅलियम’वरून, आणि ते नाव वनस्पतींच्या राखेसाठीच्या अरबी शब्दावरून. चुलीतल्या राखेने भांडी घासताना ओल्या राखेचा बोटांना बुळबुळीतपणा लागायचा, आठवतंय? त्यात पोटॅशिअमचाच क्षार असतो. 1807 मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने ओलसर पोटॅशमधून, म्हणजे पोटॅशिअमच्या क्षारातून, वीज सोडली, तेव्हा पाऱ्यासारखे चकचकीत थेंब निघाले, आणि त्यातले काही तिथल्या तिथे पेटले.