निचऱ्याच्या पाण्यातलं नायट्रेट कमी करायला लाकडी चिप्सचा बायोरिअ‍ॅक्टर आपल्याकडे चालेल का? ‘देखभाल शून्य’ म्हणतात ते खरं का?

‘देखभाल शून्य’ हे शब्द दिसले म्हणून लिहायला बसलो.

मी शिरोळ तालुक्यातला, दहा वर्षं आयोवात शेतनिचऱ्याची कामं करतो. आलो तेव्हा डे मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने नदीच्या वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांच्या (जिल्ह्यांच्या) निचरा मंडळांवर शेतांतून नदीत येणाऱ्या नायट्रेटसाठी 2015 साली भरलेला खटला चालू होता (2017 मध्ये फेटाळला गेला). त्या गरमागरमीत आमच्या तेव्हाच्या साहेबांनी शेतकऱ्यांना हे बायोरिअ‍ॅक्टर, म्हणजे लाकडी चिप्स भरलेले खड्डे करून द्यायला सुरुवात केली. निचऱ्याचं पाणी चिप्समधून जाताना तिथले जिवाणू नायट्रेट कमी करतात. वाक्य हेच: पुरा आणि विसरा.

माझा पहिला खड्डा 50 एकरांच्या निचऱ्याचा. 100 फूट लांब, 20 फूट रुंद, तळाला प्लास्टिक, तीन फूट चिप्स, वर कापड आणि माती. दोन्ही तोंडांना एकेक पेटी आणि तिच्यात सरकत्या फळ्या. तुम्ही वाळवा तालुक्यातले, तेव्हा केटी बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायला दारात घालायच्या फळ्या, पाहिल्या असतीलच. तेच, लहान आकारात. मी साहेबांना विचारलं, हे बर्गे काढायचे-घालायचे कुणी? म्हणाले, एकदा बसवले की बसवले, शेतकऱ्याच्या डोक्याला ताप नको. मी म्हटलं, बर्गे वेळेवर निघाले नाहीत की काय होतं ते आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. हसले. ‘ही नदी नाही.’

ऑगस्टात शेतकऱ्याचा फोन आला, बांधावर सडक्या अंड्यांचा वास सुटलाय. जाऊन बघतो तर पाइपातून जेमतेम करंगळीएवढी धार आणि फळ्या वसंतातल्याच उंचीवर. जे पाणी सहा-सात तासांत पुढे सरकायला हवं ते आत दिवसच्या दिवस तुंबलेलं. आत शिरताना नायट्रेट लिटरला 14 मिलिग्रॅम, बाहेर पडताना जवळजवळ शून्य. साहेब आकडा बघून खूश! अहो, नायट्रेट संपलं की जिवाणू सल्फेटकडे वळतात, वास त्याचा. पाऱ्याचं विषारी रूपही अशाच वेळी तयार होऊ शकतं. मी बाहेरच्या पेटीतल्या दोन फळ्या काढल्या, आठवड्यात वास गेला. साहेबांनी शेतकऱ्याला सांगितलं, नव्या पोराने फळ्या चुकीच्या लावल्या होत्या.

असो. तुमचा प्रश्न. चालतो. पाण्यातलं नायट्रेट कमी करायच्या आयोवाच्या 2013 च्या धोरणात अशा खड्ड्याने होणारी सरासरी घट 43 टक्के धरली आहे. पण वसंतात पाणी थंड आणि लोंढा मोठा, तेव्हा बरंचसं बायपासनेच, म्हणजे चिप्सना वळसा घालून, निघून जातं. आपल्याकडची ऊब जिवाणूंना मानवेल, पावसाळ्यातला लोंढा मात्र तुम्हालाही बायपासनेच सोडावा लागेल. चिप्स 10 ते 15 वर्षं टिकतात. भुसा घालू नका, गच्च बसतो. कारखान्यावरचं चिपाड स्वस्त पडतं म्हणून तेही नको, लवकर कुजतं. सुरुवातीचे काही आठवडे चहासारखं पाणी येईल, ते विहिरीत जाऊ देऊ नका.

प्रयोगशाळेचा अहवाल नीट वाचा. पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटची अमेरिकेची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आणि आपली 45 ही जवळपास एकच गोष्ट आहे. तिकडे नायट्रेटमधलं फक्त नत्र मोजतात, आपण अख्खं नायट्रेट.

हे आधीच सांगायला हवं होतं: निचरा क्षारपडीसाठी केला असेल, तर या खड्ड्याने क्षार तसूभरही कमी होणार नाहीत. आणि सगळे पाइप एका तोंडाशी येत नसतील तर विषयच नको. युरियाचे हप्ते वाढवून एकेक हप्ता लहान करणं कितीतरी स्वस्त पडेल.

तरी करायचाच असेल, तर कोटेशन देणाऱ्याला एवढंच विचारा: धार बारीक झाली की बाहेरच्या पेटीतल्या किती फळ्या काढायच्या, आणि त्या काढायला कोण येणार? आमच्या साहेबांकडे याचं उत्तर नव्हतं. त्या खड्ड्याच्या फळ्या आता तो शेतकरी स्वतः हलवतो, मी दाखवलंय.