बायबल स्वतःच अभ्यासायचं आहे, कोणतं भाषांतर घेऊ?

दोन घ्या. एक मूळ मजकुराला घट्ट धरून चालणारं, दुसरं सोप्या भाषेतलं. सलग वाचायला सोपं, अडलं की पहिलं.

पण तळटीपा असलेलीच आवृत्ती घ्या, यावर मी अडून बसेन. मार्कच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या जीवनावरचं बायबलमधलं एक पुस्तक) १६ वा अध्याय उघडा. आठव्या वचनानंतर बहुतेक आधुनिक भाषांतरांत कंस किंवा टीप दिसेल, कारण सिनाईटिकस आणि व्हॅटिकॅनस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत ९ ते २० ही वचनं नाहीत. १६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरात ती बिनबोभाट छापली आहेत. सिनाईटिकस अभ्यासकांच्या हाती आलं तेच १९ व्या शतकात. टीप नसेल तर हे तुम्हाला कळणारच नाही.

कॅथलिक आवृत्तीत ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंट आवृत्तीत ६६. घेण्याआधी अनुक्रमणिका बघा.

आणि उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात नको, लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोचता पोचता दम निघतो (निम्मे लोक तिथेच पुस्तक मिटतात असा माझा संशय आहे). मार्क घ्या. चार शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, एका बैठकीत होतं. मग लूक आणि लगेच प्रेषितांची कृत्ये; दोन्ही एकाच लेखकाची मानतात.